गुरुजींच्या सपरीतली वेस्पा

गाडी पहिल्यांदा पाहिली ती चादरीखाली. 2025 ची संक्रांत झाली होती. दिग्रस रस्त्यावरच्या एका गावात मामेबहिणीच्या सासरी हळदीकुंकवाला गेले होते. शेजारी एका निवृत्त गुरुजींचं घर. त्यांच्या सपरीत, म्हणजे घराला लागून असलेल्या पडवीत, कापसाची गंजी लागलेली, आणि गंजीच्या कडेला फुलाफुलांची जुनी चादर पांघरलेली एक गाडी. चादरीखालून पुढचं चाक तेवढं दिसत होतं. त्या चाकाला दोन्ही बाजूंनी दांडे नव्हते, एकाच बाजूनं होता. तेवढ्यावरून मी ओळखलं. गुरुजींना विचारलं आणि चादर उचलली. पांढरी वेस्पा स्कूटर, एकशेपंचवीस सीसीची. पांढरी म्हणजे चुन्यासारखी नव्हे, सायीसारखी. एम एच 29, नोव्हेंबर 2017 ची नोंदणी.

मी यवतमाळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. खोली आर्णी रोडला. रात्री नऊला सुटले की ऑटोची वाट पाहत उभं राहायचं, मिळाला तर एकटीचं भाडं द्यायचं, नाहीतर चालायचं. सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे असले की दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर अवलंबून. यवतमाळ चढउताराचं गाव, सायकलनं ते जमेना. गाडी घ्यायची हे नक्की होतं. पण नवी सव्वाशे सीसीची स्कूटर रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या घरात जाते. माझ्याजवळ साठलेले 40,000, आणि कापूस विकला की बाबा 10,000 देणार होते. म्हणजे जुनीच.

जुन्यात जुनी, पण वेस्पाच का, असं घरी सगळ्यांनी विचारलं. मला ती आवडते, हे खरं उत्तर. त्यामागचं कारणही सांगते. आमच्या मोठेबाबांकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाकडे, बजाजची चेतक स्कूटर होती. पुढच्या मोकळ्या जागेत उभी राहून मी दारव्ह्याच्या बाजारात गेलेली आहे. तो पत्र्याचा देह, त्याच्यावर हात मारल्यावर येणारा आवाज माझ्या कानात आहे. पुढे कळलं की चेतकचं मूळ वेस्पातच. इटलीत पियाजिओ कंपनीनं 1946 मध्ये वेस्पा आणली. ती आखणारे कोर्रादिनो दास्कानिओ हे विमानांचे इंजिनिअर. म्हणून गाडीला वेगळा सांगाडा नाही. पत्र्याचं अंगच सगळा भार पेलतं. पुढचं चाक एका बाजूनं धरलेलं, विमानाच्या चाकासारखं, पंक्चर झालं तर पटकन काढता यावं म्हणून. वेस्पा म्हणजे इटालियनमध्ये गांधीलमाशी. बजाजनं साठच्या दशकात परवान्यावर हीच गाडी आपल्याकडे बनवली, तो करार 1971 मध्ये संपला आणि पुढं त्याच घडणीची चेतक आली. नंतर कानपूरच्या एलएमएलनं वेस्पा काढली. 2012 मध्ये पियाजिओ स्वतःच बारामतीच्या कारखान्यातून एकशेपंचवीसची वेस्पा घेऊन आली. आजही तिचं अंग पोलादी पत्र्याचंच. बाकीच्या बहुतेक स्कूटरींना वरून प्लास्टिक आहे. हा फरक मला फार मोठा वाटतो, आणि जुनी गाडी घेताना तो कामालाही येतो. कसा ते पुढं सांगते.

गुरुजी म्हणाले, "पोरीची हाय. कॉलेजले जायची तवा घेऊन देल्ली. एकवीस साली लगन झालं, पुण्याले गेली. तवापासून इथंच उभी. इकून टाका म्हणते थे, पण दलालाले द्यायचं जीवावर येते." किंमत विचारली तर 45,000. मी बाबांना घेऊन येते म्हटलं.

बाबांनी आयुष्यभर बैलबाजार केला आहे. त्यांना सीसी, मॉडेल काही कळत नाही. पण जनावर कुठं दुखत असेल हे कळतं. येताना त्यांनी मोटर वाइंडिंगवाल्याकडून एक जुना स्पीकरचा चुंबक आणला होता, रुमालात गुंडाळून. गाडीचा पत्रा पोलादी आहे हे मी घरी बोलले होते, ते त्यांनी धरून ठेवलं होतं. तो चुंबक हातात घेऊन ते गाडीच्या अंगावरून हळूहळू फिरवत गेले. पत्रा शाबूत असेल तिथं चुंबक धरतो. ठोकून, लांबी म्हणजे पुट्टी भरून वरून रंग मारलेला असेल तिथं तो सुटतो, कारण मधे लांबीचा थर असतो. हँडलचं कव्हर प्लास्टिकचं, तिथं तो लागणारच नाही, ते सोडून द्यायचं. डाव्या कुशीवर, मागच्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत चुंबक घसरला. बाबांनी गुरुजींकडं नुसतं पाहिलं. गुरुजींनी लगेच सांगितलं, पोरगी एकदा अंगणातल्या ओट्यावर पडली होती, दिग्रसला ठोकून घेतली. लपवायचं त्यांच्या मनात नव्हतं, आठवलं नव्हतं एवढंच. तेवढा भाग मान्य करून आम्ही पुढं गेलो.

मग बाबांनी गाडी आडवी करायला लावली. पाय ठेवायच्या जागेचं रबरी पायपुसणं काढलं आणि खालून टॉर्च मारला. पोलादी गाडीचा खरा शत्रू पाणी. पायपुसण्याखाली साचलेलं पाणी दिसत नाही आणि पत्रा आतून खात जातो. इथं तांबेरा होता, पण वरवरचा. बाबांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहिलं, आवाज भरीव आला. तांबेऱ्यानं आरपार भोक पडलं असतं तर मी त्याच दिवशी परत फिरले असते, गाडी कितीही आवडली असती तरी. ज्या गाडीचं अंगच सांगाडा आहे, तिचा तळ सडला तर तिथं वेल्डिंग करून भागवणं मला धोक्याचं वाटतं.

गाडी चार वर्षं बंद होती, त्यामुळं सुरू करून पाहणं त्या दिवशी झालं नाही. आठ दिवसांनी दारव्ह्याचे मिस्त्री भाऊ स्वतःची बॅटरी घेऊन आले. त्यांनी किल्ली फिरवायच्या आधीच बरंच काही पाहिलं. टायरवर चार आकडी शिक्का असतो, तो त्यांनी मला वाचायला लावला: 3617. म्हणजे 2017 सालचा छत्तिसावा आठवडा. "ताई, नक्षी नव्यावानी दिसते, पण रबर वाळलं हाय. वळणावर हात सोडन." कडेला बारीक चिरा होत्याच. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदरानं कापसाचं घर केलेलं. सपरीत कापूस, मग दुसरं काय होणार. दोन वायरी कुरतडलेल्या. पेट्रोलच्या टाकीत टॉर्चचा उजेड टाकून त्यांनी तळाचा गंज पाहिला, थोडा होता. टाकीतल्या पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. आणि पेट्रोल उडून गेलं की मागं चिकट राळ राहते, ती कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसते. हे सगळं गाडीचं दुखणं नव्हे, उभं राहण्याचं दुखणं आहे, असं मिस्त्री म्हणाले. इंजिन त्यांनी किकनं हलकेच फिरवून पाहिलं, जाम नव्हतं. जुनं पेट्रोल काढलं, कार्बोरेटर तिथंच उघडून धुतलं, नवं अर्धा लिटर टाकलं.

सहाव्या की सातव्या किकला ती बोलली. गुरुजी आतून बाहेर आले आणि सपरीच्या खांबाला धरून उभे राहिले. मला तेव्हा गाडीपेक्षा त्यांच्याकडंच पाहावंसं वाटलं.

इन्शुरन्स 2021 मध्येच संपलेला, म्हणून रस्त्यावर काढली नाही. गुरुजींच्या रिकाम्या खळ्यात चार चकरा मारल्या. सुटताना गाडी अंग झटकायची; बेल्ट आणि रोलर झिजले होते. निळा धूर नव्हता, म्हणजे तेल जळत नव्हतं. पुढचं चाक उचलून हँडल डावीउजवीकडं फिरवलं, मधे कुठं अडकलं नाही. ब्रेक मात्र दाबले तरी गाडी आरामात थांबायची. दहा इंची चाकांना खळ्यातले ढेकळंही कळत होते. गावच्या रस्त्याला ही गाडी नाही, हे मी तेव्हाच मनाशी घेतलं. यवतमाळात राहील, गावी मी एसटीनंच येईन.

मिस्त्रींनी खर्च काढून दिला. बॅटरी 1,450, दोन टायर 3,300, बेल्ट आणि रोलर 1,900, ब्रेकसकट सर्व्हिसिंग आणि तेल 1,250, तांबेरा घासून तळाला रंग 1,600. एकूण 9,500. तो कागद बाबांनी गुरुजींपुढं ठेवला. घासाघीस झालीच नाही म्हटलं तरी चालेल. गुरुजींनी चष्मा लावून बेरीज तपासली आणि म्हणाले, "पस्तीस द्या." मी 36,000 म्हटलं, कारण त्यांनी सर्व्हिसची सगळी बिलं, डुप्लिकेट चावी, अगदी शोरूमची पावतीसुद्धा एका फाइलीत लावून ठेवली होती. अशी फाइल असलेली जुनी गाडी मी दुसरी पाहिली नाही.

आता खरं सांगायचं ते. गुरुजी म्हणाले, "गाडी नेऊन घे बाई, चालवत राह्य. नावाचं पाहू उन्हाळ्यात, पोरगी आली का." गावात गाड्या अशाच हातोहात जातात. ओळख असते, भिडस्तपणा असतो, आणि कागद मागणं म्हणजे माणसावर अविश्वास दाखवणं असं वाटतं. बाबांनाही तसंच वाटत होतं. मी नाही म्हटलं. सपरीत एकदम शांतता झाली.

मग मी मोठेबाबांची गोष्ट सांगितली. त्यांनी 2011 मध्ये त्यांची मोटारसायकल आर्णीकडच्या एकाला बाजारात विकली. पैसे रोख, कागद एक साधा, सह्या दोन. नाव बदललं नाही. त्या माणसानं ती पुढं कुणाला दिली. तिसऱ्याच्या हातून अपघात झाला, एक माणूस जन्माचा अधू झाला, आणि अपघात दावा प्राधिकरणाची नोटीस आली ती मोठेबाबांच्या दारात. गाडी त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती इतक्या वर्षांत. पुढची चार वर्षं ते यवतमाळला तारखांना जात राहिले. पेरणी असो, वेचणी असो. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलेलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, भरपाईच्या दाव्यात तोच मालक. मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो.

"गुरुजी, चूक माझ्या हातून झाली तर समन्स ताईंच्या नावानं पुण्याले जाईल," मी म्हटलं. ताई म्हणजे त्यांची मुलगी, गाडी तिच्याच नावावर. एवढंच पुरे होतं. ते उठून आत गेले आणि ताईंना फोन लावला.

कायदा तसा सोपा आहे. विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं 30 दिवसांत नाव चढवून मागायचं. फॉर्म 29 आणि फॉर्म 30. दुचाकीला नाव चढवायची फी 150 रुपये, स्मार्ट कार्डाचे वेगळे. एक एजंट या कामाचे 2,500 मागत होता. आम्ही स्वतःच करायचं ठरवलं, आणि मग एकामागून एक गाठी लागत गेल्या.

पहिली गाठ बोजाची. गाडी कर्जावर घेतलेली, कर्ज 2019 मध्ये फिटलेलं, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कार्डावर, बँकेचं नाव तसंच. बाबांना हे सगळ्यात आधी समजलं. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो, कर्ज फेडलं तरी तो आपोआप उतरत नाही, तलाठ्याकडं जाऊन उतरवावा लागतो, तसंच हे. बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 लागतो. गुरुजींच्या फाइलीत जुनं पत्र होतं, शाखेनं नवं घ्या म्हटलं, आणि नवं द्यायला बारा दिवस लावले.

दुसरी गाठ क्रमाची. नाव चढवायला चालू इन्शुरन्स आणि पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला, लागते. पीयूसी गाडी सुरू झाल्याशिवाय होत नाही. म्हणून आधी दुरुस्ती. मी 5,000 विसार दिला, बाकी सही झाल्यावर द्यायचे असं साध्या कागदावर दोघांनी लिहिलं, आणि गाडी छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, घालून दारव्ह्याला मिस्त्रींकडं आणली. नंतर इन्शुरन्स ताईंच्याच नावानं काढला, कारण नोंदीत त्या होत्या. एकशेपन्नास सीसीपर्यंतच्या या गटात थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, दर तेव्हा 714 रुपये होता, वर जीएसटी. शिवाय 2019 च्या एप्रिलआधीची गाडी, म्हणून नवी सुरक्षा नंबर प्लेट. ती नसेल तर आरटीओ नाव चढवणं, बोजा उतरवणं असली कामं थांबवून ठेवतं. तिचे जीएसटीसकट 531 रुपये लागले. एक जुनं चालान निघालं हेल्मेटचं, ते गुरुजींनी मी सांगायच्या आत भरलं. गाडीचा नंबर टाकून चालान पाहता येतं, त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. मी तर सांगेन, गाडी पाहायला निघण्याआधीच ते पाहावं.

तिसरी गाठ मला आधी सुचलीच नव्हती. ऑनलाइन अर्जात आधारचा ओटीपी लागतो. आरसीवर ताईंचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. नावं जुळेनात, अर्ज पुढं सरकेना. वर नोंदीतला मोबाइल नंबरही कॉलेजातला, कधीच बंद पडलेला. लग्नाआधी मुलीच्या नावानं घेतलेल्या कितीतरी गाड्या आपल्याकडं अशा असतील. घेणाऱ्यानं पहिल्याच भेटीत आरसी आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षर अन् अक्षर वाचून घ्यावं. आम्हाला शेवटी ताई एप्रिलमध्ये माहेरी येईपर्यंत थांबावं लागलं. त्या विवाह नोंदणीचा दाखला घेऊन आल्या, आणि आम्ही तिघं, गुरुजी, ताई आणि मी, यवतमाळच्या आरटीओत गेलो. कागद समोरासमोर दिले, सह्या झाल्या. खिडकीवरच्या बाईंनी ताईंची जुनी सही आणि नवी सही दोनदा ताडून पाहिली, आणि पुढं सरकवलं. त्यांनी ती काळजीनं पाहिली याचं मला बरंच वाटलं.

त्याच दिवशी उरलेले 31,000 ताईंच्या खात्यावर टाकले. ताबा दिल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहिली, दुपारी 3 वाजून 20 मिनिटं. तिथून पुढं काही झालं तर ते माझं, आधीचं त्यांचं. इन्शुरन्स नावावर करून घ्यायला 14 दिवस असतात, मी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: पॉलिसीत चालक-मालकाचा जो 15 लाखांचा अपघाती विमा असतो, तो आरसीवर नाव असलेल्या मालकालाच मिळतो. दुसऱ्याच्या नावची गाडी मी वर्षानुवर्षं चालवली असती आणि मला काही झालं असतं, तर बाबांच्या हाती त्यातलं काही लागलं नसतं.

ताईंनी जाताना गाडी एकदा चालवायला मागितली. दारव्ह्याला मिस्त्रींच्या दुकानापासून तहसीलपर्यंत गेल्या आणि आल्या. उतरून त्यांनी आरसा पदरानं पुसला, मला म्हणाल्या, "उन्हात नको ठेवू हो हिले." त्यांच्या मुलाला गाडीवरून उतरायचंच नव्हतं.

आता ती यवतमाळात आहे. दत्त चौकातून आर्णी रोडला लागताना चढावर तिला दम लागत नाही. लिटरला चाळीस-बेचाळीस किलोमीटर देते. खड्डे आधीच हेरावे लागतात, लहान चाकांचं ते आहेच. टाकी मी भरलेली ठेवते आणि दोन दिवसांच्या वर उभी करत नाही. पावसाळ्यात दर रविवारी पायपुसणं काढून खालचं पाणी पुसते, कोरडं फडकं डिक्कीतच असतं. सकाळी नमुने घ्यायला एखाद्या वाड्यात गेले की म्हातारी माणसं गाडीकडं पाहून विचारतात, चेतक आहे का म्हणून. मी थांबून सगळं सांगते. उशीर होतो, पण सांगते.

आरसीचं कार्ड मे महिन्यात टपालानं गावच्या पत्त्यावर आलं. बाबांनी ते उलटून पालटून पाहिलं. "बोजाचा रकाना कोराच हाय ना?" त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं. मग त्यांनी ते पेटीतल्या सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवून दिलं. मी फोनवरच्या डिजिलॉकरवर चालवते.